रँडला प्लेग झाला नाही

वॉल्टर चार्ल्स रँडला प्लेग झाला नाही. १८९७चा सगळा उन्हाळा तो पुण्यात होता. प्लेग कमिटीचा तो अध्यक्ष, म्हणजे शहरातला रोजचा प्लेग त्याच्या टेबलावर येत होता. तरी त्याला गाठ आली नाही की ताप चढला नाही. ३ जुलैला तो मेला तो २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर लागलेल्या गोळीनं. त्या रात्री गोळ्या झाडणारे दामोदर हरी चाफेकर आणि त्यांचे धाकटे भाऊ बाळकृष्ण त्याच पुण्यात वावरत होते. प्लेगनं त्यांनाही हात लावला नाही. त्यांच्या वाट्याला फास आला. १० मार्चला सावित्रीबाई फुले मात्र गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत या आपल्या मुलाच्या दवाखान्यात आणलं, आणि त्या धावपळीत त्यांनाच लागण झाली.

चिंचवडगावातल्या चाफेकर चौकात उभं राहिलं की ही सगळी गोष्ट पिस्तुलाभोवती फिरते. फिरायलाच हवी, गाव त्यांचं आहे. वडील हरिपंत कीर्तनकार आणि मुलं त्यांच्या मागे साथीला उभी राहणारी, असं हे मोरया गोसावींच्या गावातलं घर. पण त्या सालातली कागदपत्रं वाचताना मला दुसराच एक प्रश्न छळतो. एका वाड्यात, एका कोठीजवळ, एका घोंगडीवर झोपलेल्या चौघांपैकी दोघं चार दिवसांत जात, तिसऱ्याला गाठ येऊन फुटे आणि तो उठून बसे, चौथ्याला काहीच होत नसे. हे कसं? त्या वेळच्या लोकांकडे याची उत्तरं होती. नशीब, पाप, देवीचा कोप. साहेबाकडेही होती, आणि ती जास्त शास्त्रीय वाटत असली तरी जास्त बरोबर होती असं नाही.

साथ आली मुंबईहून. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत, धान्याच्या वखारींच्या त्या दाटीत, डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रोग्याच्या जांघेतली गाठ पाहिली आणि हा ग्रंथिक सन्निपात आहे, साधा ताप नव्हे, असं जाहीर केलं. ते बोलून दाखवायला धैर्य लागत होतं, कारण प्लेग म्हटलं की बंदर बंद आणि व्यापार बंद. महिन्या-दोन महिन्यांत माणसं गाठोडी बांधून गाड्यांत बसली आणि त्यांच्या मागोमाग रोग लोहमार्गानं निघाला. वर्ष संपेपर्यंत पुण्यात उंदीर पडायला लागले होते. ‘उंदीर पडणे’ हा आपल्याकडचा शब्द फार नेमका आहे. आढ्यावरून, भिंतीच्या फटीतून उंदीर खरंच टपकन खाली पडे, झिंगल्यासारखा गोल फिरे आणि तिथेच मरे. खेड्यापाड्यातली शहाणी माणसं मग कुणाची वाट पाहत नसत. घर उघडं टाकून माळावर झोपड्या घालून राहत. सरकारी डॉक्टरांच्या आधी त्यांनी एक दुवा पकडला होता, फक्त उंदीर आणि माणूस यांच्या मधलं कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सँ यांनी १८९४ साली जिवाणू शोधला होता, पण तो माणसात शिरतो कसा हे अंधारातच होतं. त्या अंधारात ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. (हाच कायदा २०२०मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला.) साताऱ्याहून रँडला पुण्यात आणलं आणि १३ मार्चपासून घरझडती सुरू झाली. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या मेजर पॅजेटच्या हाताखाली गोरे-काळे मिळून नऊशेच्या आसपास अधिकारी आणि शिपाई या कामावर होते. ते माजघरात शिरले, देवघरात शिरले. बायकांच्या काखा-जांघा रस्त्यावर तपासल्या गेल्याच्या तक्रारी आल्या. रोगी इस्पितळात, बाकीचं घर छावणीत, सामान जाळायचं किंवा जंतुनाशकात बुडवायचं, जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा.

यातलं बरंचसं रोगाच्या दृष्टीनं निरुपयोगी होतं, आणि हे मला अपमानाइतकंच बोचतं. एका घरात धुरी आणि फिनेल झालं की तिथला जिवंत उंदीर शेजारच्या घरात जाणार, त्याला काही कमिटीचा परवाना लागत नाही. शिपाई घर धुऊन बाहेर पडत आणि रोग आधीच पलीकडच्या आळीत गेलेला असे.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. टिळक शहर सोडून गेले नाहीत, हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करायला पुढे झाले, आणि केसरीतून झडतीच्या पद्धतीवर तुटूनही पडले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांनी तिथे सांगितलं, परत आल्यावर पुरावा उभा राहीना म्हणून त्यांना माफी मागावी लागली, आणि ती माफी पुणेकरांनी त्यांना पुष्कळ वर्षं विसरू दिली नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीत रँडला गोळी लागली आणि त्याच्याबरोबरचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. टिळकांना सप्टेंबरमध्ये राजद्रोहासाठी अठरा महिने झाले. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फाशी झाली. खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी फेब्रुवारी १८९९मध्ये संपवलं. मे महिन्यात ८, १० आणि १२ तारखेला वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण असे तिघे फासावर गेले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, एका घरातले तीन भाऊ. प्लेगनं एका घरातली तीन माणसं नेणं त्या काळी नवलाचं नव्हतं, पण हे प्लेगनं नेलेले नव्हते.

आता साहेबाच्या उत्तराकडे येऊ. गोऱ्या लोकांत प्लेग फारच कमी दिसे. त्यावरून युरोपियन शरीर मुळात कणखर आणि नेटिव्ह शरीर कच्चं, असा तर्क अनेक जण मोठ्या आत्मविश्वासानं करत. खरं कारण जोत्याखाली होतं. कँपातल्या बंगल्यात धान्याची कोठी झोपायच्या खोलीत नसे, मातीच्या भिंतीत बिळं नसत आणि नोकर मागच्या चाळीत राहत. उंदीर जिथे माणसाच्या उशाशी राहतो तिथे प्लेग. वंशाचा संबंध होता तो एवढाच, की कुठल्या वंशाला कुठलं घर मिळालं. माणसामाणसांत रोग घेण्याची आणि झेलण्याची ताकद वेगळी असते हे खरं आहे, पण ती वेगळी आहे असं सगळ्यात मोठ्यानं जे म्हणत होते ते चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत होते.

दरम्यान मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, ओदेसाहून पॅरिसमार्गे आलेला वाल्डेमार हाफकिन नावाचा माणूस मटणाच्या रश्श्यासारख्या द्रवात प्लेगचे जिवाणू वाढवत होता. त्या द्रवावर तो तुपाचे थेंब सोडी. तुपाला धरून जिवाणू खाली झुंबरासारखे लोंबत, मग भांडं हलवायचं, झुंबर तळाशी, वर पुन्हा नवं. पुरेसं पीक आलं की उष्णता देऊन सगळे मारायचे आणि तो मेलेला रस टोचायचा. १० जानेवारी १८९७ला त्यानं तो स्वतःला टोचून घेतला. भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना टोचला.

पण माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो तो १८९८चा उंढेऱ्याचा प्रयोग. उंढेरा हे गायकवाडांच्या बडोद्याजवळचं गाव. तिथे प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस टोचायची आणि निम्म्यांना नाही, असं ठरलं. आजच्या काळात ही परवानगी कुणी देणार नाही, आणि देऊ नये. साथ आली आणि २८ घरांत शिरली. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना लागण झाली, ३ गेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण झाली, २६ गेले. लस चालते हे सांगायला हे आकडे वापरतात आणि ते योग्यच आहे. मी मात्र तिसरीकडे पाहतो. ६४ वजा २७, म्हणजे ३७. लस नाही, छप्पर तेच, कोठी तीच, उंदीर तेच, तरी ३७ जणांना काही झालं नाही. आणि लागण झालेल्या २७ मधला तो एक, जो वाचला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

त्या ३७ मधल्या बऱ्याच जणांना पिसूच चावली नसेल, हे पहिलं आणि साधं उत्तर. पिसूचा शोध त्याच वर्षीचा. २ जून १८९८ला पॉल-लुई सिमों यांनी कराचीत आजारी उंदरावरच्या पिसवा निरोगी उंदराकडे जाऊ दिल्या आणि उंदीर मेला. जगानं त्यांना वेड्यात काढलं. मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसातल्या प्रयोगशाळेत, जी पुढे १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट झाली, १९०५पासून प्लेग कमिशननं तेच सारं पुन्हा तपासलं. प्लेगच्या घरात गिनीपिग सोडले, काही जमिनीवर, काही उंच टांगून. पिसूची उडी जिथवर पोचते तिथवरचे मेले, वरचे तगले.

त्याच परळमध्ये आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि प्लेगच्या मराठी इतिहासात ती कुणी सांगत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. मुंबईचे उंदीर आणि मद्रासचे उंदीर घेऊन दोघांना सारख्याच प्रमाणात प्लेगचे जिवाणू टोचले. मद्रासमध्ये प्लेग फारसा शिरलाच नव्हता. तिथले उंदीर बहुतेक सगळे मेले. मुंबईचे मोठ्या संख्येनं वाचले. वर्षानुवर्षं मांडवीच्या वखारींत उंदीर पडत होते, त्यात जे कच्चे ते गेले आणि ज्यांच्या रक्तात काही वेगळं होतं त्यांची पिल्लावळ उरली. पुढे १९३०च्या दशकात साहिबसिंग सोखे हाफकिनचे संचालक असताना त्यांनी आणि चित्रे यांनीही हिंदुस्थानातल्या रानटी उंदरांच्या या प्रतिकारशक्तीवर काम केलं. डार्विनची निवड पाहायला गालापागोसला जायला नको होतं, ती भाताबाजारच्या गोण्यांमागे चालू होती. ते ‘काही वेगळं’ म्हणजे नेमकं काय, हे सांगायची साधनं मात्र तेव्हा नव्हती.

ती साधनं आली ती दुसऱ्याच एका साथीच्या मागून. चिंचवडहून नाशिक रस्त्याकडे निघालं की भोसरीच्या एमआयडीसीत, लेथ आणि प्रेसच्या आवाजात, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं सुरू झालेली संस्था आहे. एड्सच्या बाबतीतही जगभर हेच कोडं होतं. पुन्हा पुन्हा संसर्गाच्या तोंडाशी येऊनही काहींना एचआयव्ही होतच नव्हता. १९९६मध्ये उलगडा झाला. आपल्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात, म्हणजे बाहेरचा निरोप ओळखून आत कळवणारे रेणू. त्यातला सीसीआर-५ नावाचा एक रेणू एचआयव्ही हा विषाणू आत शिरायला कडीसारखा वापरतो. काही माणसांत या रेणूच्या जनुकातला ३२ अक्षरांचा तुकडाच गळलेला असतो. आई आणि बाप दोघांकडून असं तुटकं जनुक आलं तर पेशीवर कडीच नाही, आणि विषाणू दारात ताटकळतो. उत्तर युरोपात हा बदल बऱ्यापैकी आढळतो, आपल्याकडे अगदी विरळा.

युरोपातच का? १९९८मध्ये एक आकर्षक तर्क पुढे आला. चौदाव्या शतकातल्या ‘काळ्या मृत्यू’च्या साथीत हाच बदल असणारे वाचले असतील, म्हणजे प्लेगनं युरोपाला नकळत एड्सची ढाल दिली असेल. गोष्ट इतकी सुबक होती की ती खरी असावीशीच वाटे. वर्तमानपत्रांनी ती उचलली, पुस्तकांत गेली. मग २००४मध्ये सीसीआर-५ नसलेल्या उंदरांना प्लेग देऊन पाहिलं, आणि ते साध्या उंदरांसारखेच मेले. हा बदल काळ्या मृत्यूपेक्षा कितीतरी जुना असल्याचंही पुढे दिसू लागलं. कल्पना मोडली तरी दिशा चुकीची नव्हती. दार दुसरं होतं, एवढंच.

ते दार शिकागो विद्यापीठात ओलाफ श्नीविंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. निबंध २०१९च्या शरदात ‘नेचर’मध्ये आला. श्नीविंड त्याच वर्षीच्या मे महिन्यात वारले होते.

पिसू चावते आणि जिवाणू कातडीखाली सोडते. तिथे पहिल्या धावून येतात त्या न्यूट्रोफिल, आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतलं पायदळ. त्यांना शत्रूचा वास येतो, आणि इथे ‘वास’ हा शब्द फारसा अलंकारिक नाही. जिवाणू आपली प्रथिनं बांधायला सुरुवात करताना पहिल्या कडीला फॉर्मिल नावाचा एक छोटा गट लावतात. आपल्या पेशी पेशीरसात प्रथिनं बांधताना तसं करत नाहीत. न्यूट्रोफिलवरचा एफपीआर-१ हा रिसेप्टर तो गट लागलेले तुकडे ओळखतो आणि पेशी त्या दिशेला सरकते. गस्तीचा पहारेकरीच म्हणा. इतर कितीतरी जिवाणू या पहाऱ्यात सापडतात.

प्लेगचा जिवाणू पहारेकऱ्यालाच धरतो. त्याच्या अंगावर सूक्ष्म सुया असतात आणि त्या सुईच्या टोकावर एलसीआर-व्ही नावाच्या प्रथिनाचं टोपण असतं. हे टोपण नेमकं एफपीआर-१वर जाऊन बसतं. बसलं की सुईतून विषारी प्रथिनं पेशीत ओतली जातात आणि ती लढायला आलेली पेशी जागच्या जागी निकामी होते. मग रसग्रंथीत जिवाणूंना रान मोकळं. जांघेतली ती गाठ, जी शोधायला पॅजेटचे शिपाई माजघरात शिरत होते, ती याच हरलेल्या लढाईची जागा. एफपीआर-१ नसलेल्या उंदरांना शिकागोत प्लेग दिला तेव्हा त्यातले जास्त वाचले, आणि वाचलेल्यांच्या रक्तात उपयोगी प्रतिपिंडंही तयार झाली.

माणसाच्या बाबतीत त्यांनी आणखी बारीक गोष्ट दाखवली. या रिसेप्टरच्या साखळीत १९०व्या जागेवर आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. काही माणसांत त्या जागी ट्रिप्टोफॅन असतं. जनुकातल्या एका अक्षराचा फरक. अशा माणसांच्या न्यूट्रोफिल प्लेगच्या सुईपुढे टिकून राहिल्या. पेशींपुरतं हे दिसलं आहे. साथीत अख्खी माणसं त्यामुळे वाचली असं कुणी दाखवलेलं नाही, म्हणून शास्त्रज्ञही त्याला प्रतिकाराचा ‘उमेदवार’ बदल म्हणतात, आणि आपणही तेवढंच म्हणावं.

शिवाय हे फुकट मिळत नाही. पहारेकरी काढून टाकला तर प्लेगला दार सापडत नाही, पण बाकीच्या चोरांना गस्त नसते. एफपीआर-१ नसलेले उंदीर लिस्टेरिया या दुसऱ्या जिवाणूपुढे जास्त कच्चे ठरतात. तुटक्या सीसीआर-५चंही तसंच, एचआयव्हीपासून सुटका आणि वेस्ट नाइल विषाणूचा आजार मात्र जास्त जोरात. ‘कणखर शरीर’ म्हणून कुठल्याही एका वंशाला मिरवावं असं यात काही नाही. एका साथीतला दणकट दुसऱ्या साथीत आधी पडतो.

आणि तरीही सगळं ओझं या १९०व्या जागेवर टाकायला मी तयार नाही. हिंदुस्थानात १८९६नंतरच्या काही दशकांत प्लेगनं एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्यांच्यात आणि वाचलेल्यांत फरक पडला तो बहुतांशी घराचा, उंदराचा, वेळेवर माळावर जाता येण्याचा. हातावर पोट असणाऱ्याला काम सोडून झोपडीत महिनाभर बसता येत नव्हतं. पुढे लस आली, मग औषध आलं. चिंचवडच्या शेजारी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन निघू लागलं, त्याचा पिंपरीला फार अभिमान होता आणि तो रास्तच. पण पेनिसिलिन प्लेगवर चालत नाही. चालतं ते स्ट्रेप्टोमायसिन, आणि तेही पुढे पिंपरीतच बनू लागलं. चाफेकरांच्या वाड्यापासून ते अंतर सायकलनं सहज जाण्याइतकं. १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा उंदीर पडले, पिसवा वाढल्या, माणसांच्या जांघेत गाठी आल्या. पुढच्या महिन्यात सुरत हादरलं. या वेळी कुणाच्या रिसेप्टरची चौकशी करायची गरज पडली नाही, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या.

तरी तो प्रश्न राहतोच. आपल्याकडे १८९७मध्ये जे गेले आणि जे राहिले त्यांच्या १९०व्या जागी काय होतं? युरोपानं असे प्रश्न आपल्या दफनभूमींना विचारले. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमध्ये १३४८-४९च्या प्लेगचे मृतदेह रांगेनं पुरलेले आहेत. त्या हाडा-दातांतून डीएनए काढून, साथीआधीच्या आणि नंतरच्या माणसांशी ताडून, २०२२मध्ये एक निष्कर्ष निघाला. तो एफपीआर-१बद्दल नव्हता, ईआरएपी-२ या वेगळ्या जनुकाबद्दल होता. त्यावर लगेच आक्षेपही आले आणि भांडण अजून मिटलेलं नाही. पण भांडायला हाडं तरी आहेत.

पुण्यातले बहुतेक जण नदीकाठी जळले. उंढेऱ्याचा तो एक जण वाचला, म्हातारा झाला असेल, आणि कधीतरी तोही चितेवर गेला. राखेत डीएनए उरत नाही. त्याच्या आणि इतर वाचलेल्यांच्या लेकरांच्या लेकरांत जे उतरलं असेल ते आज चाकणच्या सकाळच्या पाळीला बसमध्ये चढतं, आणि ते वाचायला हाडं लागत नाहीत. रक्ताचा एक थेंब पुरतो.